भोर कारा पुणे मादे: परभाषेच्या वर्गात कुठे बसायचं?

जपानीच्या पहिल्या तासाला फळ्यावर एक ओळ येते: आ, इ, उ, ए, ओ. तिच्याखाली का, कि, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा आणि वा यांच्या ओळी. लहानपणी बाराखडी घोकलेल्या कुणालाही इथे थबकायला होतं. स्वर आधी, मग कंठातला क, दातांवरचा त आणि त्याला लागून त्याचा अनुनासिक न, पुढे ओठांवरचा म, शेवटी य, र, व. स आणि ह या ओळी तेवढ्या जागा चुकल्यासारख्या वाटतात. पण प्राचीन जपानीत आजचा ह हा प होता आणि स चा उच्चार च च्या जवळचा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या जागी च आणि प ठेवून बघा, आपली वर्णमालाच समोर येते.

हा योगायोग नाही. इ. स. ८०६ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनमधून मायदेशी परतला, तो बौद्ध मंत्रांसाठी वापरली जाणारी सिद्धम् लिपी शिकून. ही लिपी देवनागरीच्या नात्यातली. जपानी मठांत तिच्याबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन शतकांत जपानी अक्षरांना तोच क्रम मिळाला. टोकियोतला शब्दकोश आज ज्या क्रमाने लावलेला असतो, त्याचं मूळ भारतात आहे.

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातल्या दोन डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात हे सांगायला कारण आहे. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं तरी एसटीच्या थांब्यावर अजून वेल्हेच ऐकू येतं. भोरचं अनंतराव थोपटे महाविद्यालय, विंझरचं अमृतेश्वर महाविद्यालय, धांगवडीचं अभियांत्रिकी संकुल इथे शिकणारी बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली असतात. जर्मन, जपानी, फ्रेंच शिकायचं ठरलं की पुणं गाठावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो: कुठल्या वर्गात बसायचं? यावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर बेतलेला असतो. पदवी कोणती, गुण किती, इंग्रजी कसं, एवढंच विचारलं जातं. मुलाला मराठी उत्तम येतं, दहावीला त्याने संस्कृत घेतलं होतं, हे कुणी विचारात घेत नाही. परभाषेच्या वर्गात मात्र हेच त्याचं भांडवल असतं.

आधी पुण्यातली ठिकाणं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश या भाषांचे वर्ग तिथे पिढ्यान्‌पिढ्या भरत आले. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज, तर टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत पदवीपर्यंत शिकता येतं. याशिवाय खासगी क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांत उत्तम आहेत आणि नुसते फलकही आहेत.

विद्यापीठाची चाल सर्टिफिकेट, डिप्लोमा अशी वर्षावर्षाची. मॅक्सम्युलर भवन आणि आलियाँस युरोपची सहा पातळ्यांची मोजणी वापरतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ही पट्टी युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली. तिचा खरा गुण असा की ती व्याकरणाच्या धड्यांवर न थांबता माणूस त्या भाषेत काय करू शकतो हे विचारते. ए१ चा विद्यार्थी नाव-गाव सांगतो, दुकानात किंमत विचारतो. बी१ चा प्रवासात अडकला तर सुटका करून घेतो, आपलं मत दोन वाक्यांत मांडतो. बी२ चा मूळ भाषकाशी फारसं न अडखळता बोलत राहतो. जपानीची पट्टी वेगळी आहे. तिथे एन५ सगळ्यांत खाली आणि एन१ वर. २०१० पूर्वी तिथे चारच पातळ्या होत्या. पाचवी नंतर घातली, कारण मधली उडी फार मोठी पडत होती.

या दोन पट्ट्यांतला एक फरक घरी नीट समजावून सांगावा. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत बोलायची आणि लिहायची चाचणीच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्यायांवर खूण करून. १८० पैकी ८० गुण आणि प्रत्येक भागातली किमान मर्यादा गाठली की एन५ उत्तीर्ण. म्हणजे एन४ चं प्रमाणपत्र हातात असलेली मुलगी जपानी माणसासमोर गप्प बसू शकते, आणि त्यात तिची लबाडी काही नाही. जर्मन आणि फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षांत तोंडी भाग असतोच.

आता वर्गात बसवण्याची रीत. नव्याने येणाऱ्याला थेट ए१ मिळतो. आधी शिकून आलेल्याला मात्र प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागते. साधारणपणे तिच्यात हळूहळू अवघड होत जाणाऱ्या गाळलेल्या जागा असतात आणि नंतर शिक्षकाशी काही मिनिटांचं बोलणं. खरी निवड त्या बोलण्यात होते. कागदावर क्रियापदाची रूपं अचूक भरणारा विद्यार्थी ‘काल काय केलंस?’ या साध्या प्रश्नावर भूतकाळ विसरतो. उलट एखादी मुलगी रूपं चुकवते, पण समोरच्याला हवं ते कळवते. अनुभवी शिक्षक दुसरीला वरच्या बॅचला पाठवतात. रूपं महिन्या-दोन महिन्यांत सुधारतात, तोंड उघडायला मात्र वर्ष लागतं.

सर्वांत कठीण गाठ पडते ती शाळेत भाषा शिकून आलेल्यांशी. पुण्यातल्या अनेक शाळांत आठवीपासून जर्मन किंवा फ्रेंच घेता येतं, बारावीलाही राज्य मंडळाच्या विषयांत परकीय भाषा आहेत, आणि ‘स्कोअरिंग’ म्हणून त्या घेतल्या जातात. पाच वर्षं शिकून, नव्वदच्या वर गुण मिळवून हा विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याला उतारे वाचता येतात, पण कानावर पडलेलं वाक्य पकडता येत नाही. त्याला ए१ ला बसवलं तर पहिले दोन महिने तो कंटाळतो, वर्गाला पाठ केलेली उत्तरं पुरवतो आणि शेजारच्या नवख्याला उगाच न्यूनगंड देतो. ए२ ला बसवलं तर श्रवणाच्या तासाला बुडतो. अशांसाठी माझं मत स्पष्ट आहे: ए१ चा उत्तरार्ध. बहुतेक संस्था ए१ चे दोन भाग करतात. दुसऱ्या भागात त्याचं जुनं व्याकरण कामी येतं आणि कान तयार व्हायला अवधी मिळतो. पहिल्या आठवड्यात बॅच बदलून मिळते का, हे पैसे भरण्याआधी विचारून ठेवावं.

भोर-वेल्ह्याचा विद्यार्थी या शेजाऱ्याला पाहून दबतो. त्याची शाळा मराठी, परभाषा म्हणजे इंग्रजी एवढीच, आणि वर्गात जर्मन व्याकरण समजावलं जातं ते इंग्रजीतून. म्हणून तो स्वतःला दुप्पट मागे समजतो. इथेच मघाच्या भांडवलाचा हिशेब मांडायला हवा.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या जगाला त्याचा धसका असतो. हिंदी भाषकालाही नपुंसकलिंग नवीनच. मराठी मुलाला तो, ती, ते यांत नवल काहीच नाही. मूल, घर, पाणी, पुस्तक, गाव, शेत, सोनं हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी, आणि जर्मनमध्येही किंड, हाउस, वासर, बूख, डोर्फ, फेल्ट, गोल्ड हे सगळे त्याच लिंगाचे. यावर विसंबून मात्र राहू नये: सूर्य आपल्याकडे पुरुष, जर्मनमध्ये ‘झोनं’ ही स्त्री, झाड आपल्याकडे ते, तिकडे ‘बाउम’ तो. लिंग प्रत्येक शब्दासोबत पाठच करावं लागतं. पण निर्जीव वस्तूला लिंग का असावं, हा प्रश्न मराठी डोक्यात उठत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तेवढी सवलतही मोठी असते.

वाक्याच्या रचनेत तर याहून गंमत आहे. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं आणि इंग्रजीवर वाढलेले विद्यार्थी इथे वर्षभर चुकतात. ‘वाइल इश क्रांक बिन’ याचे शब्द क्रमाने मांडले तर ‘कारण मी आजारी आहे’. एकही शब्द हलवावा लागत नाही. भोरचा मुलगा हे वाक्य आधी इंग्रजीत जुळवून मग जर्मनमध्ये नेतो आणि चुकतो. थेट मराठीतून नेलं असतं तर बरोबर आलं असतं. शिक्षक मराठी जाणणारे असतील तर त्यांना हे विचारायला लाजू नये.

उच्चारांचंही तसंच. चाक, चूल, चांगला या शब्दांतला च आणि चहा, चिंच यांतला च वेगळा, हे मराठी जिभेला न शिकवता येतं. तो पहिला च म्हणजेच जर्मनचा ‘झेड’, रशियनचा ‘त्स’ आणि जपानी ‘त्सुनामी’तलं पहिलं अक्षर. पक्का, कच्चा म्हणणाऱ्याला जपानीतला ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांतला फरक लगेच ऐकू येतो. एका ठिकाणी मात्र मराठी घात करते. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना ते बरंच पुसट झालंय. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चुकलं तर समोरची बाई हसेल किंवा रागावेल, तिच्या वयावर अवलंबून.

जपानीचं वाक्य मराठी कानाला सर्वांत ओळखीचं. ‘वाताशी वा माइनिची गोहान ओ ताबेमासु’: मी रोज भात खातो. कर्ता, मग कर्म, क्रियापद शेवटी, आणि नात्याचे प्रत्यय नामाच्या मागे. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. म्हणून भोरपासून पुण्यापर्यंत हे जपानीत ‘भोर कारा पुणे मादे’ होतं, शब्दाला शब्द. याचा अर्थ जपानी सोपी असा नाही. हिरागाना आणि काताकाना ही प्रत्येकी ४६ अक्षरं महिन्याभरात येतात. पुढे रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनी मुळाची चिन्हं, उभ्या असतात. बाराखडीच्या बळावर कांजी येत नाहीत, ती रोजची मेहनतच आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था भाषांची एक यादी वापरते आणि ती सल्लागार मंडळी हमखास पुढे करतात: फ्रेंच-स्पॅनिशला सुमारे ३० आठवडे, रशियनला ४४, जपानी, चिनी, कोरियन, अरबीला ८८. आकडे खरे आहेत, फक्त ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी काढलेले आहेत. वेल्ह्याच्या मुलीसाठी अशी यादी कुणी केलेली नाही. केली तर माझा अंदाज असा की फ्रेंचला थोडे जास्त आठवडे लागतील, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांतलं तिचं अंतर देवनागरीवर वाढलेल्याला विशेष छळतं. दहावीला संस्कृत मनापासून केलेल्यांनी रशियनकडे जरूर पाहावं. तिथे सहा विभक्ती आहेत, ‘देव: देवौ देवा:’ म्हणून झालेल्याला त्यांचं भय नसतं. शिवाय द्वार आणि ‘द्वेर’, अग्नी आणि ‘अगोन’, गिरी आणि ‘गरा’ ही दूरची भावंडं एकाच मुळातून आलेली आहेत. शिकताना अशी एखादी ओळख पटली की दहा शब्द फुकट पाठ होतात.

पण भाषा निवडताना घरात पहिला विचार नोकरीचा होतो आणि तो रास्तच आहे. चाकणला फोक्सवॅगन, रांजणगावला एलजी. भोरहून दोन्ही लांब असले तरी नावं घरोघर माहीत. त्यात महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि १०,००० तरुणांना पाठवण्याचं प्रायोगिक लक्ष्य जाहीर केलं, तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणीही जर्मनची चौकशी होऊ लागली. अशा वेळी एकच गोष्ट आधी विचारावी: या वाटेला कोणती पातळी लागते? जर्मनीत परिचारिकेचा परवाना साधारण बी२ मागतो. जून २०२४ पासून नोकरी शोधायला जाण्यासाठी जे ‘संधी कार्ड’ सुरू झालं, त्याला ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी चालतं, पण त्यावर नोकरी मिळेलच असं नाही. जपानच्या विशिष्ट कुशल कामगार योजनेसाठी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. तिथे एन४ किंवा तिच्या बरोबरीची पायाभूत चाचणी लागते, शिवाय त्या कामाची परीक्षा वेगळी. प्रमाणपत्राची मुदतही बघून घ्यावी. फ्रेंचचं डेल्फ आयुष्यभर चालतं, टीसीएफ ही दुसरी फ्रेंच चाचणी मात्र दोन वर्षांनी बाद होते.

‘तीन महिन्यांत बी१’ असं म्हणणाऱ्या फलकांचा हिशेब कुणीही वहीत करू शकतो. मॅक्सम्युलर भवनाची मातृसंस्था गोएथे इन्स्टिट्यूट हिच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून ए१ पर्यंत ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, बी१ पर्यंत एकूण ३५० ते ६५०. शनिवार-रविवारी तीन-तीन तासांचा वर्ग धरला तर आठवड्याला आठ तासिका. मधला ५०० चा आकडा धरला तरी बासष्ट आठवडे, म्हणजे सुट्ट्या धरून दीड वर्ष. रोज पूर्ण वेळ वर्ग करणारा, आठवड्याला २५ तासिका पाडणारा, फार हुशार विद्यार्थीच साडेतीन महिन्यांत ३५० पर्यंत पोहोचेल. भोरहून एसटीने स्वारगेट, तिथून पुढे डेक्कन, आणि संध्याकाळी परत, हे रोज करणाऱ्याकडे तेवढे तास उरतच नाहीत. त्याला आठवड्याच्या शेवटची बॅच आणि मधल्या दिवसांत घरी अर्धा तास मोठ्याने वाचन हा मेळ जमतो. ऑनलाइन वर्ग हा मार्ग आहे खरा, पण राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत फोनला रेंज येते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात; श्रवणाचा तास तुटक आवाजात ऐकण्यापेक्षा ध्वनिफिती आधी उतरवून घ्याव्यात.

नोकरीशिवाय आणखी एक कारण या दोन तालुक्यांना तरी विशेष लागू पडतं, आणि ते क्वचितच कुणी सांगतं. १७०४ साली औरंगजेबाने इथले राजगड आणि तोरणा हे किल्ले घेतले. तोरण्याचं नाव त्याने फुतुहुल्गैब ठेवलं. हे आपल्याला कळतं ते मआसिर-इ-आलमगिरीसारख्या फार्सी ग्रंथांतून. शिवकाळाचे पोर्तुगीज कागद पणजीत, इंग्रजांचे लंडनला, डच कागद हेगला आणि फ्रेंचांची प्रवासवर्णनं पॅरिसमध्ये. ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात फार्सी कागद उलगडण्यात हयात घालवली, सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधनं मराठीत आणली, पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरातलं पोर्तुगीज. डच कागदांवर मराठीत अजून पुष्कळ काम पडलेलं आहे. तोरण्याच्या पायथ्याशी राहून इतिहासात बी. ए. करणाऱ्याने जर्मनऐवजी पोर्तुगीज किंवा फार्सी निवडली, तर त्याच्या वाट्याला गर्दी नसलेलं मोठं शेत येईल. इथे पातळीचं गणितही वेगळं: त्याला बोलण्यापेक्षा वाचता येणं हवं, म्हणून संभाषणाच्या बॅचपेक्षा वाचनावर भर देणारा शिक्षक गाठावा आणि तसं पहिल्याच दिवशी सांगावं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीत इतर विषयांचे श्रेयांक घेण्याची मोकळीक वाढली आहे. बाहेरून केलेल्या भाषावर्गाचे श्रेयांक आपलं महाविद्यालय धरेल का, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. प्रवेश घेण्याआधी परीक्षा विभागातून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी ‘होईल काहीतरी’ यावर पैसे भरू नयेत.

शेवटी दिनदर्शिका. जपानीची परीक्षा जगभर जुलै आणि डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी होते. जुलैचा पहिला आठवडा म्हणजे भोर-वेल्ह्यात भाताची लावणी. घरातली प्रत्येक व्यक्ती चिखलात असते, वरंध घाटाकडचे रस्ते पावसात बंद पडतात आणि एसटीच्या फेऱ्या बेभरवशाच्या होतात. अशा घरच्या मुलाने जुलैचा फॉर्म भरायचा म्हणजे ऐन मे-जूनची उजळणी रोपांच्या तरव्यात घालवायची. डिसेंबरात कापणी-मळणी उरकलेली असते. म्हणून इथल्या विद्यार्थ्याने जूनमध्ये वर्ग सुरू करावा, लावणीच्या दोन आठवड्यांची रजा शिक्षकांना आधीच सांगून ठेवावी आणि डिसेंबरची एन५ धरावी. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि जागा लवकर भरतात. फोटो आणि ओळखपत्र तेवढं गौरी-गणपतीच्या आधी तयार ठेवावं.